एक पाकीट, अनेक दारे



हैदराबादेत मासाब टँक ह्या वस्तीत आता तळे नाही. गोवळकोंड्याच्या माँसाहेबा, म्हणजे हयात बख्शी बेगम, यांच्या नावाचे ते तळे केव्हाच बुजले. नाव मात्र वस्तीने सांभाळले. ह्याच वस्तीत रिझर्व्ह बँकेने १९९६ साली बँकिंग तंत्रज्ञानाच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन केली. आयडीआरबीटी ह्या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. तिने १९९९ साली देशातील बँकांना जोडणारे 'इन्फिनेट' नावाचे संगणकजाळे सुरू केले. पुढे ते चालविण्याचे काम रिझर्व्ह बँकेच्याच आयएफटीएएस ह्या संस्थेकडे गेले. एकच मजकूर एकाच वेळी अनेकांकडे कसा पोहोचवावा, हा आजचा प्रश्न समजून घ्यायला ह्या जाळ्याचा प्रवास उपयोगी पडतो.

आरंभी इन्फिनेटची भिस्त मुख्यतः उपग्रहावर होती. बँकेच्या गच्चीवर छोटी अँटेना, आणि विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह. अशा व्यवस्थेत अनेकांना एकच संदेश देणे हा प्रश्नच उरत नाही. खालून एकदा वर पाठवावे, की वरून ते सर्वांच्या अंगणात पडते. अंगणे दहा असोत की हजार, पाठविणाऱ्याचे श्रम तेवढेच. पण ह्या पावसालाही किंमत आहे. संदेशाला वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि उपग्रहावरील जागा मोजकी व महाग असते. जमिनीखाली काचतंतूंच्या तारा पसरू लागल्या तशी अशी जाळी आकाशातून जमिनीवर उतरली. इन्फिनेटही उतरले. आता पाऊस गेला आणि पाट आले. पाटाचे पाणी आपोआप सर्व शेतांत जात नाही. कोठे फाटा काढायचा, कोणते दार उघडायचे, हे ठरवावे लागते.

ज्या पद्धतीवर हे पाट चालतात तिला एमपीएलएस, म्हणजे लेबलावर चालणारे जाळे, म्हणतात. संगणकांचा मजकूर लहान लहान पाकिटांत भरून पाठविला जातो. (इंग्रजीतील 'पॅकेट'ला आपला 'पाकीट' हा शब्द इतका चपखल बसतो, की त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडविण्याचा खटाटोप व्यर्थ वाटतो.) पूर्वीच्या पद्धतीत वाटेतील प्रत्येक नाक्यावर पाकिटाचा पूर्ण पत्ता वाचून मोठ्या यादीत शोधावा लागे. नव्या पद्धतीत जाळ्याच्या वेशीवर एकदाच पत्ता वाचून पाकिटावर एक क्रमांक चिकटवितात. पुढील नाके केवळ तो क्रमांक पाहतात. मुंबईच्या डबेवाल्याला डब्यावरची खूण पुरते, तसेच हे. फरक इतकाच की येथे प्रत्येक नाक्यावर जुनी खूण काढून नवी लावतात. क्रमांकासाठी वीस बिटांची जागा असते, म्हणजे १०,४८,५७६ खुणा शक्य होतात. एरिक रोझेन, अरुण विश्वनाथन आणि रॉस कॅलन यांनी लिहिलेला ह्या रचनेचा मसुदा २००१ साली इंटरनेटचे मानदंड ठरविणाऱ्या आयईटीएफने प्रसिद्ध केला.

ह्या रचनेचा मूळ स्वभाव मात्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याचा होता. एका खुणेचा अर्थ एक पुढचे दार. तोच मजकूर पाचशे शाखांना हवा असेल, तर पहिल्याच तारेवर त्याच्या पाचशे प्रती चढवाव्या लागत. अनेकांचा गट करून त्या गटाला एकच पत्ता देण्याची कल्पना तर जुनी होती. स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९ सालीच तिचे नियम लिहून ठेवले होते. २२४ ते २३९ ह्या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते अशा गटांसाठी राखलेले असतात. ज्याला हवे त्याने गटात नाव नोंदवावे, आणि वाट जेथे फुटते तेथेच प्रत काढली जावी. ह्यालाच मल्टिकास्ट म्हणतात. खुल्या इंटरनेटवर ही कल्पना फारशी रुजली नाही, कारण एका कंपनीच्या जाळ्यातील गटांचा भार दुसरीने का वाहावा, ह्याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते. बंदिस्त जाळ्यांत मात्र ती तगली.

लेबलाच्या जाळ्यात ती आणायची, तर एका येणाऱ्या खुणेपुढे अनेक जाणाऱ्या खुणा लिहिण्याची सोय हवी. ती दोन वाटांनी झाली. २००७ साली आलेल्या पद्धतीत पाठविणाऱ्या टोकाकडून सगळा वृक्ष आखला जातो आणि वाटेतील जागाही राखून ठेवता येते. २०११ सालच्या पद्धतीत उलट, घेणाऱ्याकडून मुळाकडे मागणी सरकत जाते. वाटेत दोन मागण्या जेथे भेटतात तेथे फाटा तयार होतो. दुसरी अधिक मोकळी आहे, पहिली अधिक शिस्तीची. एक अडचण दोहोंत उरते. पाकीट हरवले तर सर्वांनी एकदम 'पुन्हा पाठवा' असा ओरडा करून चालत नाही. मूळ टोक त्या मागण्यांखालीच गाडले जाईल. म्हणून पाकिटांना क्रमांक देतात, आणि अनेकदा तोच मजकूर दोन वेगळ्या वाटांनी धाडतात.

एवढा खटाटोप केवळ तारांच्या बचतीसाठी, असे कोणी म्हणेल. तसे नाही, हे शेअरबाजाराने दाखविले. हैदराबादला १९४३ पासून स्वतःचा शेअरबाजार होता. २००७ साली त्याची मान्यता संपुष्टात आली, आणि येथील दलालांची नजर पुरती मुंबईकडे लागली. मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराने १९९४ साली व्यवहार सुरू केले तेही उपग्रहाच्या बळावर. पुढे दलालांचे संगणक बाजाराच्या आवारातच ठेवण्याची सोय झाली आणि भावाची प्रत्येक हालचाल त्यांना तारेवरून मिळू लागली. परंतु एकामागून एक, रांगेने. रांग म्हटली की पहिला आणि शेवटचा आलाच. जो आधी जोडला गेला त्याला आधी भाव, अशी ती रचना होती. २०१४ साली बाजाराने मल्टिकास्ट स्वीकारले. पण तोवर जे घडले त्याची चौकशी पुढे अनेक वर्षे चालली. ३० एप्रिल २०१९ रोजी सेबीने बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्यास सांगितले. २०२३ साली अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून १०० कोटी रुपये गुंतवणूकदारांच्या निधीत भरण्यास सांगितले, आणि २०२४ साली संगनमताचा आरोप पुराव्याअभावी सेबीनेच सोडून दिला. कोणाचा हेतू काय होता, हा वाद कायद्याचा. रांगेची रचना निवडली गेली हे मात्र निर्विवाद आहे, आणि त्या निवडीकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहिले गेले, हीच खरी गफलत होय.

मल्टिकास्टने ही रांग मोडली, पण अंतर मोडले नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते हैदराबाद सरळ रेषेतही सहाशे किलोमीटरांहून अधिक. म्हणजे बाजाराच्या आवारात पोहोचलेला भाव हैदराबादेच्या पडद्यावर उमटायला निदान तीन मिलिसेकंद लागणारच. सोमाजीगुड्यातील दलालाला ते जाणवणार नाही. आवारातील यंत्राला तेवढ्या वेळात अनेक सौदे उरकता येतात.