मानेतली नळी आणि लाल झेंडी
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)

मी डॉक्टर नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन रेल्वेचे रूळ सांभाळणारा माणूस. त्यामुळे औषधांची नावे कृपया मला विचारू नका!

२०१९ साली माझे वडील आयसीयूत होते. मानेतल्या मोठ्या शिरेतून थेट हृदयापाशी पोहोचणारी नळी घातली होती. तिला सेंट्रल लाइन म्हणतात. नवव्या दिवशी बाबांना हुडहुडी भरून ताप चढला. जंतू रक्तात गेले होते. नळी काढली, पंधरा दिवस अँटिबायोटिक चालले. आदल्या दिवशी एकाला हात न धुता नळीचे टोपण उघडून इंजेक्शन देताना मी पाहिले होते. त्यामुळेच झाले असे म्हणता येणार नाही. पण मी गप्प बसलो, हे खरे.

मग वाचत गेलो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाचच गोष्टींची यादी केली. हात धुणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, टोपी-मास्क-गाउन-हातमोजे घालून रुग्णाला पूर्ण झाकणे, शक्यतो जांघेतून नळी न घालणे आणि गरज संपताच ती काढणे. नवे काहीच नाही! मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंत ही यादी कसोशीने पाळली. एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस. अशा १००० दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होत, ते दीड वर्षात १.४ वर आले. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

मला भावले ते वेगळेच. डॉक्टर पायरी चुकले आणि प्रसंग तातडीचा नसेल, तर नर्सने त्यांना थांबवायचे. आमच्याकडे चावीवाला रोज रुळावरून पायी फिरतो. रूळ तडकलेला दिसला की लाल झेंडी दाखवून तो राजधानीसुद्धा उभी करतो. त्याला कुणी 'तू कोण?' म्हणत नाही. आणि हाच मी, तिथे पलंगाशेजारी, झेंडी खिशात ठेवून उभा!

गेल्या वर्षी सासूबाईंना नळी होती. रोज सकाळी विचारायचो, "डॉक्टरसाहेब, आज नळी काढता येईल का?" पट्टी ओली किंवा सुटलेली दिसली की सिस्टरना सांगायचो. टोपणाला हात लावण्याआधी सॅनिटायझरची बाटली नम्रपणे पुढे करायचो. एक सिस्टर रागावल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बाटली मागून घेतली. चौथ्या दिवशी नळी निघाली.

बाबा समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. मानेवरची खूण विचारलीत तर दाखवतील, पण आरतीनंतर.