गच्चीवर खोली चढवण्याआधी
मुलाचं लग्न ठरलं की आपल्या पावर हाउसमध्ये पहिला विचार येतो: गच्चीवर एक खोली चढवू. विचार चांगला आहे. पण विटांच्या आधी नकाशा.

छत्तीसगड नगरपालिक निगम अधिनियम, 1956 च्या कलम 293 नुसार असं बांधकाम परवानगीशिवाय करता येत नाही. केलंत, तर निगम ते पाडायला लावू शकतो. मंजूर नकाशा नसेल तर बँकही सहसा कर्ज देत नाही. घर इस्पात कारखान्याच्या लीजवरचं असेल, तर कारखान्यालाही आधी विचारा.

म्हणून भिशी लागली की पहिले पैसे नकाशा आणि निगमाच्या शुल्कासाठी बाजूला काढा. मंजुरी हातात आली की मगच सिमेंट. वर्षानुवर्षांची बचत एका नोटिशीपायी घालवू नका.