आधी वही, मग आज्ञा



लष्करातून निवृत्त झाल्यावर माजी सैनिकांच्या कुटुंबांना पेन्शनच्या कागदपत्रांत मदत करणाऱ्या एका छोट्या गटात मी काम करतो. कुणाचा कोणता कागद कुठे अडलाय, हे सगळं वह्यांमध्ये होतं. ते संगणकावर आणायचं ठरलं. मी साधा पदवीधर, प्रोग्रॅमर नव्हे. तरी जमलं, ते आपोआप कोड तयार करणाऱ्या साधनांमुळे. ही साधनं काय करतात आणि काय आपल्यावर सोडतात, ते आज सांगतो.

डेटाबेसच्या कुठल्याही अ‍ॅप्लिकेशनमध्ये चार कामं सतत लागतात. नोंद टाकणं, पाहणं, बदलणं आणि काढणं. प्रत्येक तक्त्याला तसाच फॉर्म, तशीच यादी. मग हे यंत्रालाच का लिहू देऊ नये? विचार जुना आहे. आयबीएमची आरपीजी ही भाषा १९५९ची. तिच्या नावातच ‘जनरेटर’ होतं. २००४मध्ये रुबी ऑन रेल्स आलं. त्यातल्या एका आज्ञेचं नाव ‘स्कॅफोल्ड’, म्हणजे बांधकामाची परांची. ती आज्ञा दिली की तक्ता, फॉर्म, यादी सगळं उभं राहतं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झालेलं जँगो २००५मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तक्त्यांचं वर्णन लिहून दिलं, की नोंदी सांभाळायचे पडदे ते स्वतः तयार करतं. आम्ही तेच घेतलं.

आता खरी गोष्ट ऐका. यंत्र विचारत नाही, गृहीत धरतं.

जँगोमध्ये वेगळं सांगितलं नाही, तर रकाना साधारणपणे भरावाच लागतो. आमच्या यादीत तामिळनाडूचे जवान आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना आडनावच नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. आडनाव सक्तीचं ठेवलं तर एक जण तिथे टिंब देईल, दुसरा वडिलांचं नाव लिहील, आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी होतील. म्हणून आम्ही पूर्ण नावाचा एकच रकाना ठेवला, जसं कागदावर असेल तसं.

बँकेच्या खात्याचा क्रमांक ‘संख्या’ म्हणून साठवला, तर सुरुवातीची शून्यं गळून पडतात. तो मजकूर म्हणूनच साठवायचा.

सर्वांत महत्त्वाचं नात्यांचं. एका जवानामागे पत्नी असते, आईही असते, कधी दोघी वेगवेगळ्या राज्यांत. त्यामुळे वारसांचा तक्ता वेगळा हवा. दोन तक्ते जोडताना जँगो विचारतं: मूळ नोंद काढली तर जोडलेल्या नोंदींचं काय करायचं? बहुतेक उदाहरणांत उत्तर दिसतं ‘कॅस्केड’, म्हणजे त्याही काढा. विचार करा. जवान वारला, म्हणून कुणी त्याची नोंद काढली. पडदा एकदा खात्री करतो, पण घाईत ‘हो’ दाबलं जातं. त्याबरोबर पत्नीचीही नोंद गेली. जिचं काम त्या दिवसापासून सुरू होतं, नेमकी तीच यादीतून नाहीशी! आम्ही तिथे ‘प्रोटेक्ट’ लिहिलं. वारस जोडलेला असेल तर जवानाची नोंद निघतच नाही. शिवाय मृत्यूच्या तारखेचा रकाना ठेवला, म्हणजे नोंद काढायची वेळच येत नाही.

तो एक शब्द यंत्र टाइप करून देईल. कोणता शब्द, हे त्या बाईच्या घरी जाऊन आलेल्यालाच कळतं. आता साध्या बोलीत सांगितलं तरी कोड लिहून देणारी एआय साधनं आली आहेत. त्यांनाही हेच लागू.

तुमच्या सोसायटीसाठी, मंडळासाठी असं काही करणार असाल तर एक करा. आज्ञा देण्याआधी जुन्या वहीतून दहा नोंदी काढा. सरळ नकोत, अडचणीच्या काढा: दोन वारसांची, आडनाव नसलेली, पत्ता बदललेली. त्या दहाही तुमच्या तक्त्यात नीट बसल्या, की मग खुशाल यंत्राला कामाला लावा.