पाण्याबाहेर येताना



सॉफ्टवेअरवर बोल म्हणालात, पण ते तुम्ही घरोघरी ऐकताच. मी पोहण्यावर बोलते. चाळिशीनंतर मी मास्टर्स स्पर्धांत उतरू लागले.

भिंतीला पाय रेटून मिळतो तो वेग हात मारून मिळत नाही. म्हणून आधी पाण्याखाली राहायचं, आणि तो वेग पोहण्याच्या वेगाइतका उतरला की वर यायचं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोकला डेव्हिड बर्कॉफ ३० मीटरहून जास्त पाण्याखाली जायचा. तरी १०० मीटरचं सुवर्ण जपानच्या दाइची सुझुकीने ०.१३ सेकंदाने नेलं. आता मर्यादा १५ मीटर आहे. आमचा दम सहालाच संपतो, ते सोडा!

खरी गोम वर येण्यात. डोकं उचललं की कंबर बुडते, पाणी छातीवर आदळतं. नजर तळाकडे ठेवून पहिला हात पाण्याखालीच ओढायचा, आणि पहिले दोन हात श्वास घ्यायचा नाही. कोच म्हणतात, "ताई, या वयात घ्या श्वास." मला पटत नाही. गेल्या वेळी ५० मीटर फ्रीस्टाइलला तिसरा क्रमांक बोटभर अंतराने गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा शर्यत आहे. दोन हात श्वास न घेताच मारणार आहे.