देखरेख आणि पाळत
(कोन, ता. भिवंडी येथे पालकांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्यापैकी कोणी दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याणला लोकल पकडतो, कोणी भिवंडीच्या गोदामात वा यंत्रमागावर जातो. शाळेतून परतलेल्या मुलाच्या सोबतीला घरी उरतो तो मोबाईल. तेव्हा त्या मोबाईलवर आपले लक्ष असावे की नाही, हा वादाचा विषयच नव्हे. ते असलेच पाहिजे. प्रश्न आहे तो रीतीचा.

देखरेख मुलांवर ठेवतात, पाळत संशयितावर. देखरेख मुलाला ठाऊक असते, पाळत लपून असते. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मध्ये मूल कोणते अ‍ॅप किती वेळ वापरते ते पालकांना दिसते, नवे अ‍ॅप घेताना त्यांची संमती लागेल अशी सोय करता येते. मात्र मुलाचे संदेश वाचता येत नाहीत, आणि आपल्यावर लक्ष आहे हे मुलालाही कळते. उलट, गुपचूप बसवलेली हेरगिरीची अ‍ॅप्स मुलाचे संदेश आणि छायाचित्रे कुठल्यातरी अनोळखी कंपनीच्या संगणकावर नेऊन ठेवतात. रक्षणाला निघालेला बाप घराची किल्लीच परक्याच्या हाती देतो!

क्लाउड खात्याची गोष्ट आणखी नाजूक. आपल्याकडे वडिलांचा जुना फोन मुलीकडे येतो, खाते मात्र वडिलांचेच राहते. मग तिने मैत्रिणींसमवेत काढलेली छायाचित्रे वडिलांच्या फोनवर उमटू शकतात, आणि वडिलांची तिच्याकडे. चोरून कोणीच पाहिले नाही, तरी आडपडदा गेलाच ना? ते खाते आधी वेगळे करा. शिवाय त्या छायाचित्रांत, संदेशांत दुसऱ्यांची मुलेही असतात. त्यांचे मनोगत वाचण्याची अनुमती त्यांच्या आईवडिलांनी आपल्याला दिलेली नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. सोळावे लागलेल्या मुलाशी मित्रत्वाने वागावे, ही तर आपली त्याहून कितीतरी जुनी शिकवण.

आणि नियम केवळ मुलांनाच का? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले, की सायंकाळी सातला भोंगा वाजताच दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे, आणि मोठ्यांनीही आपला फोन बाजूला ठेवायचा. ज्या घरात वडील जेवतानाही पडद्यावरून नजर काढत नाहीत, तिथे मुलाने का ऐकावे?

आता अपवादाची वेळ. मूल एकाएकी गप्प झाले, फोन वाजताच दचकू लागले, तर फोन जरूर पाहा, पण त्याला शेजारी बसवून, त्याच्या देखत. कोणी छायाचित्रावरून धमकावत असेल तर पैसे देऊ नका आणि संतापून संदेश पुसू नका. तोच पुरावा असतो. सायबर गुन्ह्यासाठी १९३० आणि बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हे क्रमांक घरात लिहून ठेवा. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पीडित मुलाची ओळख वृत्तपत्रांना उघड करता येत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या भयाने पोलीस ठाण्याची पायरी टाळू नका.