समुद्राची सुरुवात चिखलात होते

बरीच वर्षं मनात असलेली एकच गोष्ट मला आज मांडायची आहे: समुद्राची राष्ट्रीय दालनं उभारताना आपण दालनं रचणारे लोक किनारा वगळतो.

निळा अंधार, छतापर्यंत पोचणारा पडदा, त्यावर देवमासा, मग प्रवाळ, आणि बाहेर पडताना प्लास्टिकविरोधी शपथ, हा आराखडा आता आपल्या हातात बसला आहे. त्यातून समुद्र सुंदर दिसतो, पण फार लांबचा वाटतो. जे लांबचं आहे ते राखण्याचं कामही लांबच्या कुणाचं तरी वाटतं. जिवंत मासे ठेवावेत की पडदे लावावेत, हा आपल्यातला जुना वाद मला म्हणूनच दुय्यम वाटतो. खरा प्रश्न प्रेक्षकाला उभं कुठे करायचं, हा आहे. महासागर हा विषय घेऊन 1998 साली लिस्बनला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात वास्तुकार पीटर चर्मायेफ यांनी तिथल्या मत्स्यालयातून त्याचं उत्तर दिलं. मधोमध 50 लाख लिटरची टाकी आणि तिच्याभोवती चार वेगवेगळे किनारे. माणूस आधी वर, पेंग्विनच्या खडकांशी, समुद्री ऊदमांजरांच्या पाण्याकाठी येतो. तेच पाणी आतून पाहायला मग खाली उतरतो. ते मत्स्यालय आजही चालू आहे. 2025 साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात पोर्तुगालच्या दालनासाठी वास्तुकार केंगो कुमा यांनी दोरखंड आणि जुनी जाळी टांगली. समुद्रावर राबणाऱ्या हातांतल्या वस्तू तिथे भिंतीच्या जागी आल्या.

आपल्याकडे खाजणातला चिखल हाच समुद्राचा उंबरठा आहे. ओहोटीला ठाण्याच्या खाडीकाठी निवटी पाहावी. हा बोटभर मासा पाण्याबाहेर येतो, पुढच्या परांवर रेटा देत सरकतो आणि ओल्या कातडीतून श्वास घेतो. अंग सुकू लागलं की चिखलात लोळून ते ओलं करतो. बाजूला तिवरांची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी उभी असतात. ओलावा गेला की निवटी जगत नाही, आणि भराव पडला की ओलावा जातो. संवर्धनाचा अख्खा युक्तिवाद या वीतभर चिखलात दिसतो. त्याला निवेदकाचा गंभीर आवाज लागत नाही.

चिखलाकडे कोण फिरकणार, अशी शंका घेतली जाते. प्रेक्षकाला अद्भुत काही हवं असतं, हे मला मान्य आहे. पण मासा चालताना दिसणं हे अद्भुतच आहे, फक्त त्यासाठी प्रकाश, भिंग आणि वाकून पाहायची जागा नीट योजावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. परदेशात देशाची मान उंच राहावी म्हणून दालन असतं, तिथे वाळत घातलेले बोंबील कसे मांडायचे? माझ्या मते तिथेच मांडायचे. हे बोंबील ज्यात सापडतात ते, ओढीच्या पाण्यात तोंड उघडं धरणारं डोलजाळं भरती-ओहोटीच्या बारीक हिशोबावर चालतं, आणि तो हिशोब कोळ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखला आहे. देशाने मिरवावं असं ज्ञान याहून वेगळं काय असतं? महाराष्ट्राने 2023 साली रुपेरी पापलेट राज्यमासा ठरवला; लहान मासळी पकडू नये म्हणून किमान लांबीचे नियमही केले. दालनात त्या मापाची नुसती लाकडी आकृती ठेवा. मूल तिच्याशेजारी आपला पंजा धरील, आणि पुढच्या वेळी बाजारातल्या टोपलीतलं लहान पापलेट त्याच्या नजरेत भरेल. लांबच्या देशात चिखल नेता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण माप, शब्द, जाळं आणि भरतीची वेळ नेता येते.

दालनांच्या मागणीपत्राचा एक नमुना आपल्या मंडळाने करावा, अशी माझी सूचना आहे. त्यात पहिला प्रश्न एवढाच असावा: हा समुद्र कोणत्या किनाऱ्यावरून पाहायचा आहे, आणि तिथे कोण राहतं? घरी परतल्यावर आपापल्या खाडीतल्या जिवांची तिथली नावं लिहून पाठवा. नमुन्याचं काम त्या यादीपासून सुरू करू.