यीस्टची पुडी आणि लग्नातला भात

मी कुळगावातून बोलतोय. घरी सात म्हशी आहेत. आज जिवंत यीस्टबद्दल बोलू, पण आधी माझी चूक सांगतो.

गेल्या लग्नसराईत एका कार्यातला उरलेला भात मिळाला. अन्न वाया कशाला घालवायचं, म्हणून दोन पाट्या एका म्हशीपुढे ओतल्या. दुसऱ्या दिवशी रवंथ बंद, शेण पातळ, आंबूस वासाचं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, खायचा सोडा पाजला. म्हैस वाचली, पण दूध महिनाभर निम्म्यावर.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, यीस्ट चालू असतं तर?"

ते म्हणाले, "एवढ्या भातापुढे पुडी काय करणार? ते रोजच्या खुराकाला मदत करतं, असल्या प्रसंगाला नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. म्हशीच्या कोठीपोटात वैरण पचवतात ते जिवाणू. त्यांना हवा सोसत नाही, आणि प्रत्येक घासाबरोबर थोडी हवा आत जातेच. जिवंत यीस्ट तो प्राणवायू वापरून टाकतं, म्हणजे तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना बरे दिवस येतात. भरड्यातल्या पिठूळ भागापासून आम्ल तयार होतं, ते संपवणाऱ्या जिवाणूंनाही यीस्टची साथ मिळते. आपल्याकडे वैरण म्हणजे बहुतेक भाताचा पेंढा, पचायला जड. म्हणून हा मुद्दा आपल्या कामाचा.

आता मी काय पाळतो ते ऐका. यीस्ट कोठीपोटात कायमचं वस्ती करत नाही, म्हणून रोज द्यायचं. पुडीवर जिवंत पेशींची संख्या आणि मुदत बघायची. मात्रा डॉक्टरांना विचारून. गरम आंबोणात टाकायचं नाही, उष्णतेनं ते मरतं. पत्र्याखालच्या उन्हात पुडी ठेवायची नाही. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. आणि फरक बघायला दोन-तीन आठवडे थांबायचं. दूध, शेण, रवंथ वहीत लिहायचं. खर्च निघत नसेल तर बंद करायचं, त्यात कमीपणा नाही.

आणि जनावरानं धान्य किंवा भात जास्त खाल्ला, तर पुडी शोधत बसू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

परवा पुन्हा एका मांडवातून भाताचा निरोप आला. मी हात जोडले. म्हटलं, दादा, माणसांना वाढा.

भेटू पुढच्या भागात.